गोळीचं नाव सांगणारा माणूस

आमच्या केंद्राच्या फाटकाला कुलूप नव्हतं. कडी होती, तीही आतून-बाहेरून दोन्हीकडून निघणारी. व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की लोकांना वाटतं उंच भिंत असेल, दारात पहिलवान असेल. अर्धापूरच्या रस्त्याला, केळीच्या बागांमध्ये आमची पत्र्याची दोन शेडं आणि स्लॅबची एक खोली होती. कुणीही भरती व्हायला आला की आमचे कंडक्टर त्याला आधी ते फाटक दाखवायचे. "हे बघा, हे असं उघडतंय. जायचं असलं तर सांगून जावा, म्हंजे आम्ही जेवायला थांबणार न्हाई."

मी तिथं नर्स. तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. कंडक्टरांशी माझं भांडण झालं नाही असा आठवडा मला आठवत नाही. त्यांच्यावर लिहायला बसले ते त्यांची आरती ओवाळायला नाही. त्या माणसानं मला दोन वर्षं छळलं. कामून छळलं, ते सांगायचं आहे.

त्यांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. एसटीत कंडक्टर होते, दारूपायी नोकरी गेली. दोनदा उपचार घेऊन दोनदा परत प्यायले, तिसऱ्यांदा सुटली ती सुटली. मग समुपदेशनाचा कोर्स केला आणि इथं लागले. नोकरी गेली तरी खाकी शर्ट गेला नव्हता, दर दिवाळीला दोन नवे शिवून घ्यायचे. सकाळच्या गटात सगळे सतरंजीवर बसायचे आणि हे उभे, एक हात खिडकीच्या गजाला. दीड तास उभे. पाय सुजतात म्हणून मी एकदा खुर्ची नेऊन ठेवली, तर तिच्यावर त्यांनी पाण्याची कळशी ठेवली. नवा माणूस दाराशी अंग चोरून बसला की म्हणायचे, "पुढं सरका, पुढं सरका, मधी लई जागा हाय." आम्हाला हसू यायचं. दहा-बारा दिवसांनी तो माणूस खरंच पुढं सरकलेला असायचा.

किती पितो, कधीपासून पितो, हे ते विचारायचेच नाहीत. ते माझ्या फॉर्मात असायचं. ते विचारायचे, "तुझा स्टॉप कोणता?" म्हणजे दुकान कुठलं असं नाही. पाय कुठं वळतात, ती जागा. एकजण म्हणाला, पगार झाला की. कंडक्टर म्हणाले, "ही तारीख झाली. जागा सांग." मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळून खेळून कॉलेज सोडलेला एक पोरगा होता, आमच्याकडं तसलेही यायला लागले होते. तो म्हणाला, "अंथरुणात, सर. पांघरुणाखाली." कंडक्टर दोन दिवस विचारात पडले. तिसऱ्या दिवशी त्याच्या आजोबांना फोन करून सांगितलं, की पोरगा घरी आला की तुमच्या खाटेला खाट लावून झोपवायचा, खोकला आला तरी चालंल.

घरी सोडायच्या आधी प्रत्येकाला ते रस्ता काढून द्यायचे. कुठल्या स्टॉपला उतरायचं नाही, कुठल्या गल्लीनं जायचं. देगलूरच्या एका शाळेतल्या शिपायाला असाच कागद दिला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला, "साहेब, तुम्ही सांगितलेल्या गल्लीत शिंदीचं दुकान हाय." दुसरा कुणी असता तर सारवासारव केली असती. हे दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं देगलूरला गेले, ती गल्ली चालले, आणखी दोन चालले, आणि आडतीच्या गोदामामागून तिसराच रस्ता काढून आले. "चूक मपली. कागदावर रस्ता काढला, पायानं काढायला पाह्यजे होता." तेव्हापासून प्रत्येकाचा रस्ता आधी स्वतः चालून बघायचे. आमच्या व्यवस्थापकांना त्यांच्या सुट्ट्यांचा ताप झाला. तो शिपाई अजून गोदामामागूनच घरी जातो.

चुका करायचे, आणि मोठ्या करायचे. एकदा उदगीरकडचं एक व्यापारी कुटुंब आपल्या मुलाला उपरण्यानं हात बांधून बोलेरोतून घेऊन आलं. कंडक्टरांनी हात सोडले, चहा दिला, फाटक दाखवलं. मुलगा चहा पिऊन उठला आणि सरळ निघून गेला. बाप ओरडला, "एवढ्या लांबून बांधून आणला, अन् तुम्ही सोडला?" हे म्हणाले, "बांधून आणला म्हणून सोडला."

मग मी बोलले. बोलले म्हणजे सगळ्यांदेखत झाडलं. "हात बघितले का त्याचे? कसे थरथर करायलेत? असल्या माणसाची दारू एकदम तुटली तर झटके येऊन मरतो तो. तुमच्या तत्त्वाचं लोणचं घाला." ते पांढरे पडले. चप्पल न घालता रस्त्यावर पळाले. तो मुलगा पुढं पुलावर बसलेला सापडला, त्याला नांदेडला मोठ्या दवाखान्यात भरती केलं, सलाईन लागलं. तिथून सुटल्यावर आठवड्याभरानं तो एकटा एसटीनं आमच्याकडं आला आणि भरती झाला. कंडक्टरांनी नियम बदलला. हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर, मग फाटक. त्यांना चूक दाखवता यायची, एवढं मी कबूल करते.

आता गोळ्यांचं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन लिहून जायचे, द्यायचं काम माझं. सकाळी आठला मी ट्रे घेऊन निघाले की कंडक्टर माझ्या शेजारी. प्रत्येकाला मी गोळीचं नाव सांगायचं, ती काय करते ते सांगायचं, तिचा त्रास काय होऊ शकतो ते सांगायचं. मग त्या माणसानं ते आपल्या तोंडानं परत म्हणायचं आणि गोळी स्वतःच्या हातानं उचलायची. तीस माणसं असली की पाऊण तास जायचा. मी चिडायचे, की ही काय शाळा लावली आहे, बाकीची कामं कोण करणार. ते म्हणायचे, "सिस्टरबाई, दारू ह्यांनी चोरून पिली. औषध तरी उघड घेऊ द्या."

माझा तिथला पहिलाच आठवडा होता. अर्धापूरच्या एका केळीवाल्याचा मुलगा गोळीला हात लावेना. बाप हळूच माझ्याकडं आला, "सिस्टर, चहात टाका की. त्याला कळतंय थोडंच." मी टाकली. दोन चमच्यांमध्ये दाबून गोळीचं पीठ केलं, चहात ढवळलं. वळले तर मागं कंडक्टर. ग्लास माझ्या हातातून घेतला, पायरीखाली ओतून दिला. ओरडले नाहीत. म्हणाले, "दोन चमच्यांत गोळी दाबायची तुमची हातोटी लई साफ हाय. कुठं शिकलात?"

आणि मला काय झालं कोण जाणे, ज्या माणसाला मी चार दिवस ओळखत होते त्याला मी सगळं सांगून टाकलं.

माझा एकच भाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. देगलूरला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. हाताला असा गुण, की जळालेली मोटार घेऊन लोक तालुक्याबाहेरून यायचे. मी लग्न मोडून माहेरी आलेली, तिथल्याच एका दवाखान्यात नोकरीला. माय, मी आणि तो. तो प्यायला लागला, वाढतच गेला. समजावलं, भांडले, रडले. मग एक दिवस दवाखान्यातून दारू सोडायच्या गोळ्या आणल्या आणि रोज त्याच्या वरणात घालायला लागले. त्या गोळीवर माणूस दारू प्याला की त्याचं अंग लाल होतं, उलट्या होतात, छाती फुटायला येते, कधी जीवही जातो. म्हणून ती सांगूनच द्यायची असते. मला हे पाठ होतं. नर्सच आहे मी. तरी घातली. एकदा त्रास झाला की दारूचा धसका घेईल, असं माझं डोकं चाललं.

मित्राच्या लग्नात तो प्याला आणि मांडवातच पडला. बीपी लागेना. दोन दिवस अतिदक्षता विभागात होता. तिथल्या डॉक्टरांनी शुद्धीवर आल्यावर विचारलं, "दारू सोडायची गोळी घेता का?" तो म्हणाला, न्हाई. डॉक्टरांनी आमच्याकडं बघितलं. "मग कुणी घातली?"

माझं तोंड उघडलंच नाही. माय म्हणाली, "म्या घातली. एका बाईनं पुडी दिली होती."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, तुझी नोकरी जाईल, तुझ्यामागं कोण हाय, गप बस. मी गप बसले. त्या दिवसापासून भावानं मायच्या हातचं खाणं सोडलं. पाणीसुद्धा स्टँडवरच्या हॉटेलात. माय दोन वेळा स्वयंपाक करायची, झाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी गाईला घालायची. तो आणखी प्यायला लागला. तीन वर्षं असं चाललं, मग मला ते घर बघवेना, म्हणून मी नांदेडला ही नोकरी धरली.

कंडक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमच्या मायनं तुमची नोकरी वाचवली. तिचं लेकरू गेलं त्यात. सांगून टाका त्याला."

"माझं रजिस्ट्रेशन गेलं तर?"

"जाईल कदाचित. म्या खोटं कशाला सांगू."

आणि छळ सुरू झाला. दर सोमवारी, मी रविवारी घरी जाऊन आले की, ट्रे घेऊन निघायच्या आधी हा माणूस माझ्यापुढं तळहात धरायचा. "तिकीट?" म्हणजे, सांगितलं का? मी म्हणायचे, न्हाई. "बरं, पुढच्या स्टॉपला." एवढंच. रागावणं नाही, उपदेश नाही. दोन वर्षं, दर सोमवारी. एकदा मी ट्रे आपटला, गोळ्या सगळीकडं, वेचायला दोघं खाली बसलो. एकदा राजीनामा लिहून दिला. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला. "जावा की. दुसरीकडं जाऊनबी हे सांगावंच लागंल." मला त्यांचा इतका राग यायचा, की त्यांचा खाकी शर्ट लांबून दिसला तरी कपाळाला आठी चढायची. राग खरं तर कुणाचा होता, हे मला कळत नव्हतं असं नाही.

मला न सांगता ते माझ्या भावाकडं जाऊन आले होते. एकदा नाही, तीनदा. केंद्रातला बंद पडलेला छताचा पंखा मांडीवर घेऊन एसटीनं देगलूरला. भाऊ म्हणाला, "नांदेडात दुकानं न्हाईत का?" हे म्हणाले, "हायेत. पण तुझ्यासारखं वाइंडिंग करत न्हाईत." तिसऱ्या पंख्याला त्यानं सरळ विचारलं, "तुम्हाला अक्कानं धाडलं ना?"

"न्हाई. तिला ठाऊकबी न्हाई. पण ती तिथंच हाय, गोळ्या तीच देती, हे सांगून ठेवतो. हे ऐकून यायचं असलं तर ये." माझी गोष्ट मात्र सांगितली नाही. मला नंतर म्हणाले, "ती तुमची हाय, म्या कशी सांगू?"

भाऊ महिन्याभरानं आला. कावीळ होऊन बरा झालेला, गळ्याची हाडं वर आलेली. नांदेडच्या दवाखान्यात चार दिवस काढून, थरथर थांबल्यावर आमच्याकडं भरती झाला. मला बघून मान हलवली. पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत उभा राहिला, ताट घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. बाहेर बागेतल्या माणसाकडून केळी आणली. दुसऱ्या दिवशी केळी आणि उकडलेली अंडी, स्वतः सोललेली. ज्यात कुणी काही कालवू शकत नाही, एवढंच तो खात होता. गोळ्यांची नावं ऐकून घ्यायचा, परत म्हणायचा, आणि म्हणायचा, "नको." डॉक्टर शनिवारी म्हणाले, असा हा टिकणार नाही, घरी गेला की आठ दिवसांत पिणार, आणि हे लिव्हर आता आणखी दारू सहन करणार नाही.

त्या दिवशी कंडक्टरांनी हात पुढं केला नाही. शनिवार होता. नुसते माझ्या शेजारून गेले.

रविवारी घरच्यांची बैठक असायची. माय आली होती, पिशवीत चार धपाटे आणि दह्याचा डबा. घरी रोज झाकून ठेवायची तसंच हेही परत न्यायलाच आणलंय, असं वाटलं मला. चाळीस-पन्नास माणसं सतरंजीवर, कंडक्टर गजाला धरून उभे. मी ट्रेच्या खोलीच्या दारात. कुणी बोलवलं नाही मला. माझी मीच पुढं गेले आणि उभी राहिले.

"ती पुडी बिडी काही नव्हती," मी भावाला म्हणाले. "गोळी होती. मी आणली, मीच वरणात घातली, अठरा दिवस. मायला शेवटी कळलं. तिनं माझ्यासाठी आळ अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला."

आवाज फाटला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. भावानं माझ्याकडं बघितलंच नाही. तो मायकडं बघत होता.

"कामून म्हणलीस मंग तू?"

माय पदराशी चाळा करत म्हणाली, "काय म्हणू मंग? दोघंबी मपलेच."

त्यानं हात पुढं करून तिची पिशवी ओढली. डबा उघडला. धपाटं मोडलं, दह्यात बुडवलं आणि खाल्लं. पाच वर्षांनी. तो खाली मान घालून चारही धपाटे खात होता, माय त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि समोर बसलेल्या परक्या बायका डोळे पुसत होत्या. मी तिथंच उभी होते. मला वाटलं, आता तो एकदा वर बघेल. डबा बंद करून तो मायबरोबर बाहेर झाडाखाली जाऊन बसला.

मी मागं जायला निघाले तर कंडक्टरांनी आडवा हात धरला. "आज न्हाई."

"मग कधी? सांगितलं ना मी? तुम्हीच म्हणत होतात सांगा सांगा. आता तो मला माफ कधी करणार?"

ते पहिल्यांदाच माझ्यासमोर खाली बसले, पायरीवर. म्हणाले, "सिस्टरबाई, मपली दारू सुटून सोळा वर्षं झाली. रोज घरी गेलो की दारात वाकतो, बायको तोंडाचा वास घेती, मंग आत घेती. सोळा वर्षं. एक दिवस चुकली न्हाई."

"आणि तुम्हाला राग येत नाही?"

"पहिले यायचा. तिचा हक्क हाय तो. ती जवर घेईल तवर म्या वाकायचं." मग उठले, पाय झटकले. "म्या सांगा म्हणलं, माफी मिळंल असं कवा म्हणलं?" आणि गटात जाऊन परत गज धरला.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांना सगळं लिहून दिलं. नोकरी राहिली, पण सहा महिने गोळ्यांच्या ट्रेला हात लावू दिला नाही. बरोबरच केलं त्यांनी. त्या सहा महिन्यांत मी चादरी बदलल्या, रजिस्टरं लिहिली, आणि भाऊ दुसऱ्या नर्सकडून गोळीचं नाव ऐकून घेऊन गोळी उचलताना लांबून बघितला. तो बरा होऊन घरी गेला. कंडक्टर गेल्या साली काम सोडून आपल्या गावी, मुरुडला गेले. निघताना सगळ्यांचा निरोप घेतला आणि मला म्हणाले, "भांडायला कुणी न्हाई आता तिकडं." मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

भावाची दारू सुटून आता दीड वर्ष होत आलं. दुकान परत चालतं. मायच्या हातचं दोन वेळा पोटभर जेवतो. माझ्या हातचं नाही. दर रविवारी मी देगलूरला जाते आणि स्वयंपाक मी करते. तो ताटावर बसताना मायला विचारतो, "कुणी केलंय?" माय आता खोटं बोलत नाही. म्हणते, "अक्कानं." तो उठून स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन येतो. माय मला म्हणते, कशाला करतीस गं, एक दिवस मला करू दे, तो जेवंल तरी. मी म्हणते, न्हाई. विचारू दे त्याला. विचारायचा हक्क आहे त्याचा.

गेल्या रविवारी त्यानं विचारलं, मायनं सांगितलं, आणि तो उठला नाही. खाल्लंही नाही. ताट पुढं घेऊन बसून राहिला, भाकरी वाळेपर्यंत. मग हात न लावता ताट स्वतः नेऊन ठेवलं.

उद्या रविवार आहे. मी वांगी घेऊन ठेवली आहेत.